क्यूची दुरुस्ती आणि घडण

पूलची क्यू साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर लांब असते आणि वजनाला ५०० ते ६०० ग्रॅम भरते. मध्यावर ती स्क्रूने जोडलेली असते. पुढचा निमुळता अर्धा भाग म्हणजे शाफ्ट, मागचा जाड अर्धा भाग म्हणजे बट. शाफ्टच्या टोकावर फेरूल नावाचे छोटे टोपण बसवलेले असते आणि त्यावर चामड्याची टिप चिकटवलेली असते. बटचे पुन्हा तीन भाग पडतात: जॉइंटलगतचा पुढचा भाग, मुठीची जागा आणि तळाची बाही. अगदी शेवटी रबरी बंपर असतो. या सगळ्या रचनेतून चेंडूला लागते ती फक्त टिप, आणि तीही सेकंदाच्या एक-दोन सहस्रांश भागापुरतीच. क्यूची दुरुस्ती असो की नवी घडण, त्या क्षणी टोक सरळ, घट्ट आणि हलके असावे यासाठीच सारी मेहनत असते.

स्नूकरची क्यू हिचीच बहीण, पण स्वभावाने वेगळी. तिची टिप ९ ते १० मिलिमीटरची, फेरूल पितळी आणि शाफ्ट बहुधा ॲश लाकडाचा. पूलच्या शाफ्टला मेपल वापरतात, टिप १२ ते १३ मिलिमीटरची असते आणि फेरूल प्लास्टिक किंवा फिनॉलिकचे. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटरचा व जड, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा व हलका. टोकाच्या जाडीतला फरक त्याला साजेसाच आहे. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार क्यू किमान ४० इंच लांब हवी, वजन २५ औंसांपेक्षा म्हणजे सुमारे ७०९ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको. या चौकटीत कारागिराला पुष्कळ मोकळीक मिळते.

टिप चामड्याची करण्याचे श्रेय फ्रान्सच्या फ्रान्स्वा मँगो याला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पॅरिसजवळच्या बिसेत्र येथे कैदेत होता आणि तिथल्या बिलियर्ड टेबलावर त्याने हा प्रयोग केला. त्याआधी नुसत्या लाकडी टोकाने चेंडूला फिरकी देणे जवळजवळ अशक्य होते. आज पूल-स्नूकरच्या पार्लरमध्ये टिपवर घासला जाणारा चॉक १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी पेटंट केला. नावाने चॉक असला तरी त्यात खडू नसतो. सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखे घासणारे कण असतात. स्नूकर हा खेळ तर नागपूरच्या शेजारच्या जबलपूर छावणीत १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने सुरू केला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळवले आणि वैयक्तिक खेळात भारताला पहिला जगज्जेता मिळाला. म्हणजे खेळाची मुळे याच भूमीत आहेत. क्यू घडवण्याचे शास्त्र मात्र प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेत वाढले, आणि तेही बऱ्याचदा घराच्या तळघरात. अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुश्का १९५९ पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या आपल्या छोट्या वर्कशॉपमध्येच काम करीत असे.

हिंगण्यासारख्या गावात हे काम सुरू करायला यंत्रांची अडचण नाही. नागपूरच्या दक्षिण-पश्चिमेला वसलेल्या या तालुक्याच्या गावालगत मोठी एमआयडीसी आहे. महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या, जॉबवर्क घेणाऱ्या लहान शेडची दाट वस्ती आहे. लेथवर इंची आटे पाडणे, स्टीलची पिन कातणे, पितळी फेरूल बसवणे ही तिथल्या टर्नरची रोजची कामे आहेत. लाकडासाठी नागपुरातले लकडगंज आणि तिथल्या आरा मशीन जवळ आहेत. घरच्या वर्कशॉपमध्ये कमी पडतो तो वेळ. विदर्भाच्या हवेत लाकडाला स्थिर होण्यासाठी जेवढा अवधी लागतो, तेवढा देण्याची तयारी नसेल तर उत्तम यंत्रावर कातलेली क्यूही वर्षभरात वाकते.

लाकूड आणि हवा

नागपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांखाली उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच ८० टक्क्यांच्या घरात असते. लाकूड हवेशी सतत ओलाव्याची देवघेव करते. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत पुरेसा काळ उघडे राहिले तर त्यातला ओलावा चार-पाच टक्क्यांवर येतो. पावसाळी हवेत तो पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढू शकतो. हा दहा टक्क्यांचा झोका क्यूला काय करतो, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. १३ मिलिमीटर जाडीचा मेपलचा शाफ्ट वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ०.४५ मिलिमीटर फुगतो, तर केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणजे उन्हाळ्यात अचूक गोल कातलेला शाफ्ट पावसाळ्यात अंडाकृती होतो. लांबीत मात्र नोंद घ्यावी असा फरक पडत नाही. हा हिशेब उघड्या, पॉलिश न केलेल्या लाकडाचा आहे. पॉलिश आणि पेटी यांमुळे झोका लहान होतो, थांबत नाही.

गोलाई बिघडते त्यापेक्षा बाक येणे अधिक त्रासाचे. शाफ्टमधले तंतू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ गेलेले असतील तर सर्व बाजू सारख्या फुगतात आणि काठी सरळ राहते. तंतू तिरके निघून मध्येच बाजूने बाहेर पडत असतील तर एक बाजू वेगळ्या प्रमाणात हलते आणि शाफ्ट वळतो. म्हणून लाकूड निवडताना रंगापेक्षा तंतूंची दिशा आधी पाहावी. एक इंच चौरस पट्टीच्या दोन लगतच्या बाजूंवर रेषा कशा धावतात हे पाहिले की बहुतेक निर्णय तिथेच होतो. रेषा तीस इंचांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त सरकत असतील तर ती पट्टी बटच्या कामाला ठेवावी.

विदर्भातल्या घरांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे कूलर. एप्रिल ते जून कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा दमट असते आणि दाराबाहेरची भट्टीसारखी कोरडी. अशा खोलीत रात्रभर ठेवलेली क्यू दुपारी गाडीतून पार्लरच्या एसीत जाते, तेव्हा एका दिवसात ती तीन ऋतू भोगते. लाकडाचा साठा आणि अर्धवट कातलेले शाफ्ट कूलर नसलेल्या, उत्तरेकडच्या बंद खोलीत टांगून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत क्यू कधीही ठेवू नये. आतले तापमान साठ अंशांपलीकडे जाते आणि लाकडाआधी गोंद सुटतो.

लाकूड स्थिर झाले की नाही हे ओळखायला महागडे मीटर लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तयार शाफ्ट साधारण ११० ते १२० ग्रॅमचा असतो. ओलाव्याच्या पूर्ण झोक्यात त्याच्या वजनात दहा-अकरा ग्रॅमचा फरक पडतो. दर आठवड्याला वजन करून पट्टीवरच पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅम लिहावेत. सलग तीन-चार नोंदी सारख्या आल्या म्हणजे लाकूड त्या हवेशी जुळले. शेवटची कात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावी, कारण तेव्हाची आर्द्रता वर्षाच्या दोन टोकांच्या मध्ये असते आणि पुढचा झोका दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वाटला जातो. भर मे महिन्यात शेवटची कात घेतलेली क्यू पावसाळ्यात फुगायला पूर्ण मोकळी असते.

जवळची लाकडे

शाफ्टसाठी उत्तर अमेरिकेतील कठीण मेपल आणि स्नूकरसाठी ॲश, ही दोन्ही लाकडे आयात करावी लागतात. त्यांना स्थानिक पर्याय शोधण्याचा मोह होतो, पण शाफ्टपुरता तो आवरलेला बरा. गडचिरोलीतल्या आलापल्लीचे सागवान जगप्रसिद्ध आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेले आणि अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारशाहच्या डेपोतून गेले. सागवानाचे आकुंचन मेपलपेक्षा खूप कमी आहे, ही मोठी जमेची बाजू. पण ते मेपलपेक्षा मऊ असल्याने शाफ्टवर लवकर खड्डे पडतात, त्यातल्या सिलिकेमुळे हत्याराची धार झपाट्याने जाते आणि अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. बटच्या मुठीसाठी मात्र ते चांगले. चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनने पुसून लगेच जोडले म्हणजे झाले. फर्निचरच्या कामातून उरलेले सागवानी तुकडे या कामाला पुरेसे असतात.

बटच्या बाबतीत पूर्व विदर्भाचे जंगल अतिशय श्रीमंत आहे. शिसवी जड, गर्द आणि कातायला सुरेख. हळदू पिवळसर, बारीक पोताचे. कातकामासाठी आणि गिरण्यांच्या बॉबिनसाठी ते पूर्वीपासून वापरले गेले. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी आणि बैलगाडीच्या आसासाठी ओळखला जातो. त्याचा चिवटपणा बटला मानवतो. आणि तेंदू. विड्यांच्या पानांसाठी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात दर उन्हाळ्यात ज्याची पाने गोळा होतात, तो तेंदू हा आबनुसाचा सख्खा नातेवाईक आहे. श्रीलंका-दक्षिण भारतातले आबनूस, आफ्रिकेतले गॅबून आबनूस आणि आपला तेंदू, तिन्ही एकाच डायोस्पायरॉस प्रजातीसमूहातले. जुन्या तेंदूच्या गाभ्यात काळे लाकूड तयार होते, कधी त्यात तपकिरी रेषा असतात. इंग्लंडमधल्या नामांकित स्नूकर क्यूंच्या बटवर जो काळा रंग मिरवतो, त्याची छटा इथल्या जंगलात उगवते. अडचण अशी की पानांसाठी झाडे छाटली जातात, त्यामुळे सरळ व जाड खोड क्वचितच मिळते. तेव्हा तेंदूचा उपयोग बाही आणि जडावाच्या छोट्या तुकड्यांपुरताच ठेवावा.

ही लाकडे मिळवताना कायदा पाळणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात अनेक प्रजातींच्या वृक्षतोडीवर १९६४ च्या कायद्याने नियंत्रण आहे आणि वाहतुकीला परवाना लागतो. लकडगंजातून किंवा वन विभागाच्या लिलावातून आलेला, पावती असलेला मालच घ्यावा. शिसवीसह संपूर्ण डाल्बर्जिया गट २०१७ पासून सायटीस कराराच्या यादीत आहे, त्यामुळे शिसवी जडवलेली क्यू परदेशी पाठवण्यापूर्वी कागदपत्रे तपासावी लागतात. जुन्या क्यूंवरचे हस्तिदंती फेरूल तर विकत घेऊ नये आणि विकूही नये. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे.

तपासणी

दुरुस्तीला आलेली क्यू आधी उघडून दोन भाग वेगळे तपासावेत. टेबलावर लोळवून सरळपणा पाहण्याची पार्लरमधली पद्धत फसवी आहे, कारण कापड आणि खालची स्लेट दोन्हींचे दोष त्यात मिसळतात. शाफ्ट जाड काचेच्या पट्टीवर हळू फिरवावा आणि मागे दिवा ठेवून खालची फट पाहावी. फट एका जागी येत-जात असेल तर बाक आहे. सगळीकडे सारखी असेल तर शाफ्ट ठीक आहे. दोन्ही भाग वेगळे सरळ निघाले आणि जोडल्यावर क्यू डोलू लागली, तर दोष जॉइंटच्या तोंडात आहे. ही विभागणी न करता थेट शाफ्टला दोष देणे, ही दुरुस्तीतली सर्वांत महागडी घाई होय.

बाक आलेला शाफ्ट उष्णता देऊन, वाकवून सरळ करण्याचे उपाय सुचवले जातात. लाकूड काही दिवस सरळ राहते आणि ऋतू बदलला की मूळ जागी परतते. एक-दोन मिलिमीटरचा बाक खेळाला फारसा अडथळा आणत नाही. जास्त असेल तर नवा शाफ्ट कातणेच योग्य.

टिप बदलणे

क्यूच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळा येणारे आणि खेळावर सर्वांत जास्त परिणाम करणारे काम म्हणजे टिप बदलणे. सराव करायचा तर पार्लरच्या रॅकवरच्या जुन्या क्यूंवर करावा. जुनी टिप धारदार ब्लेडने फेरूलच्या अंगाला समांतर कापून काढावी, उपटू नये. उपटताना फेरूलची कड सोलली जाते. खाली राहिलेला गोंद खरवडून काढावा. मग फेरूलचे तोंड सपाट करावे. हाच टप्पा निर्णायक असतो. तोंड जरासे फुगीर असेल तर टिप मध्यावर टेकते आणि कडांना हवा राहते. शंभर-दोनशे फटक्यांत ती सुटते. १२० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवून, शाफ्ट काटकोनात धरणाऱ्या लाकडी ठोकळ्यातून हलक्या हाताने फिरवावा. लेथ असेल तर समोरून एक पातळ कात पुरते. तोंडावर पेन्सिलीने रेघा मारून दोन फेरे द्यावेत. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या म्हणजे तोंड सपाट झाले.

टिप दोन प्रकारची असते. एकसंध चामड्याची टिप स्वस्त असते, खेळताना थोडी दबते, कडांना फुगते. थरांची टिप डुकराच्या कातड्याचे अनेक पातळ थर चिकटवून केलेली असते. ती आकार टिकवते, पण महाग पडते. कुठलीही टिप लावण्यापूर्वी तिचा तळ पॉलिश पेपरवर घासून खडबडीत करावा. सायनोअॅक्रिलेट जातीचा, घट्ट जेलसारखा गोंद वापरावा. पातळ फेविक्विकसारखा गोंद चामड्यात शिरून टिपचा तळ दगडासारखा कडक करतो. थेंब फेरूलच्या मध्यावर, टिप किंचित फिरवून बसवावी आणि मिनिटभर दाबून धरावी. मग अर्धा तास हात लावू नये.

टिप मुद्दाम फेरूलपेक्षा किंचित मोठी घेतात. जादा कड कापण्यासाठी शाफ्ट उलटा धरून टिप लाकडी फळीवर घट्ट टेकवावी आणि धारदार ब्लेड फेरूलच्या अंगाने सरळ खाली आणावे. ब्लेड वरून खाली, टिपकडे जावे. उलट दिशेने गेले तर फेरूलवर चर पडतो. कड समपातळीत आली की ती बोटाने हलकी ओली करून जाड चामड्याच्या तुकड्याने जोरात घासावी. उष्णतेने आणि दाबाने चामड्याचे तंतू बसतात, कड काळपट-चकचकीत होते आणि टिप बाजूला फुगत नाही.

शेवटी घुमट द्यायचा. परदेशी पुस्तकांत त्याचे माप अमेरिकी नाण्यांत सांगतात: निकेल २१.२ मिलिमीटरचे, डाइम १७.९ मिलिमीटरचे. आपल्या सोयीचे माप खिशातच असते. २०१९ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे २० मिलिमीटर व्यासाचे आहे. त्याची कड टिपमागे धरून उजेडात पाहिले की घुमट जुळतो की नाही ते कळते. जास्त फिरकी मारणाऱ्याला याहून गोल घुमट आवडतो, सरळ खेळणाऱ्याला चपटा.

फेरूल, शाफ्ट, जॉइंट

तडकलेले फेरूल लेथवर कातूनच काढावे. हातोडीने ठोकले तर त्याखालचा लाकडी खुंट मोडतो. खुंट बहुधा आठ मिलिमीटरचा असतो. नवे फेरूल त्यावर हाताच्या जोराने बसले पाहिजे, ठोकून नव्हे, आणि इपॉक्सीला बाहेर पडायला बारीक खाच ठेवावी. पूलच्या शाफ्टवर दिसायला छान म्हणून पितळी फेरूल बसवू नये. चेंडूच्या मध्यापासून बाजूला फटका मारला की चेंडू क्यूच्या रेषेत न जाता किंचित विरुद्ध बाजूला सरकतो. हे सरकणे टोकाजवळच्या वजनावर अवलंबून असते, कारण त्या सहस्रांश सेकंदात शाफ्टचा फक्त पुढचा १५-२० सेंटिमीटरचा भाग धक्क्यात सामील होतो. टोक जितके जड, तितका चेंडू जास्त सरकतो. कमी सरकण्याचे शाफ्ट म्हणून जे विकले जातात, त्यांच्या टोकाला आतून पोकळ केलेले असते किंवा ते कार्बन फायबरच्या नळीचे असतात. फेरूलची सामग्री बदलली की खेळाडूचा वर्षांचा अंदाज बदलतो, म्हणून जुने जसे होते तसेच बसवावे.

शाफ्टवरचा खड्डा वाफेने उठतो. ओला सुती फडका खड्ड्यावर ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात. तंतू तुटलेले असतील तर हा उपाय चालत नाही, तिथे इपॉक्सी भरून घासावे लागते. शाफ्टवरचा चॉक आणि घाम स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. दर महिन्याला पॉलिश पेपर मारण्याची सवय मोडावी: प्रत्येक घासणीत थोडे लाकूड जाते, आणि दोन-तीन वर्षांत १३ मिलिमीटरचा शाफ्ट साडेबारावर येऊन लवचिक होतो.

जॉइंटमध्ये पिन सैल झाली तर ती पूर्ण काढून, भोक साफ करून, मंद सुकणाऱ्या इपॉक्सीने पुन्हा बसवावी. पूलच्या क्यूमध्ये ३/८-१० आणि ५/१६-१८ अशी इंची मापे रूढ आहेत. पहिली ९.५ मिलिमीटर जाडीची, इंचाला दहा आटे, दुसरी ७.९ मिलिमीटरची, इंचाला अठरा. मिलिमीटरच्या आट्यांची पिन त्यात बसवण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही तोंडे अक्षाला बरोबर काटकोनात असली पाहिजेत. तिथला एक दशांश मिलिमीटरचा तिरपेपणा टोकाशी सहज जाणवतो.

नवी क्यू

नवी घडण शाफ्टपासून सुरू करावी, कारण त्याला सर्वांत जास्त वाट पाहावी लागते. एक इंच चौरस, तीस इंच लांब पट्ट्या वर्षभर हवेशी जुळू दिल्यावर दोन्ही टोकांवर केंद्रे पाडून त्यांचा गोल दांडा कातावा. पुढच्या कातींत दर खेपेला अर्धा-एक मिलिमीटर कमी करावा आणि दोन कातींमध्ये दांडा निदान महिनाभर उभा टांगावा. प्रत्येक कातीनंतर लाकडातला ताण मोकळा होतो आणि दांडा थोडा हलतो. पुढची कात तो हललेला बाक काढून टाकते. सहा-सात फेऱ्यांत हलणे थांबते. न थांबणारा दांडा बाजूला काढावा, त्याचा मोह धरू नये. दहा पट्ट्यांमधून सहा-सात शाफ्ट निघाले तरी काम चांगले झाले असे समजावे.

लेथवर उतार देण्याच्या दोन पद्धती आहेत. टेलस्टॉक किंचित सरकवून दांडा तिरपा धरणे ही जुनी पद्धत. तिने सरळ उतार मिळतो. पूलच्या शाफ्टला मात्र टोकाकडचे २५ ते ३५ सेंटिमीटर जवळजवळ एकाच जाडीचे लागतात, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या हाताच्या बोटांवरून तो सारखा सरकतो, आणि तिथून जॉइंटकडे तो २१ मिलिमीटरपर्यंत जाडावतो. त्यासाठी लेथला उताराची पट्टी लावतात आणि त्या पट्टीवरून छोटा राउटर सरकवतात. दांडा हळू फिरतो, राउटरचे पाते वेगाने फिरते. हत्याराचा दाब कमी असल्याने बारीक शाफ्ट थरथरत नाही. लेथ निवडताना हेडस्टॉकचे भोक ३२ मिलिमीटरपेक्षा मोठे आहे का, एवढे मात्र पाहावे. बटचा तळ त्याच मापाचा असतो आणि तो भोकातून आरपार गेला तर छोट्या लेथवरही पूर्ण क्यू बनते.

बट घडवण्याचे दोन मार्ग. पहिल्यात दोन वेगळ्या लाकडांची टोके करवतीच्या लांब दातांसारखी कापून एकमेकांत घुसवतात. ही जोडणी सर्वांत मजबूत, पण आरा अचूक हवा. घरच्या कामाला दुसरा मार्ग सोयीचा: पुढच्या भागावर चार बाजूंनी इंग्रजी व्हीच्या आकाराचे चर पाडायचे आणि त्यात दुसऱ्या रंगाच्या लाकडाचे त्रिकोणी दांडे चिकटवायचे. दांडा गोल कातला की ते टोकदार बाणांसारखे दिसू लागतात. चारही टोके एका पातळीवर आली नाहीत तर दोष चराच्या खोलीत असतो. खोलीतला पाव मिलिमीटरचा फरक टोकाला जवळजवळ सेंटिमीटरभर दिसतो. स्नूकरच्या बटला ही नक्षी रंध्याने केली जाते: ॲशच्या दांड्यावर चार सपाट तासण्या, त्यांवर आबनूसाचे चार तुकडे. हाताने केलेल्या जोडणीत टोके कमानीसारखी गोल निघतात, आणि ती पाहताच कारागिराचा हात ओळखू येतो.

पुढचा भाग आणि मूठ यांच्या जोडात लाकडी खुंट व धातूचा स्क्रू दोन्ही असावेत. या जोडात पोकळी राहिली तर फटक्याला क्यू खडखडते, आणि ते शोधून काढणे पुढे अतिशय अवघड जाते. मुठीवर आयरिश लिननचा दोरा किंवा चामडे गुंडाळतात. दोरा सारख्या ताणाने गुंडाळण्यासाठी लेथ हाताने फिरवावा. वजन कमी-जास्त करायला तळाच्या भोकात स्क्रूच्या आकाराचे स्टीलचे वजन बसवतात. तोल बटच्या तळापासून ४५ ते ४८ सेंटिमीटरवर आला तर बहुतेक खेळाडूंना मानवतो.

पॉलिशबद्दल फार बोलण्यासारखे नाही. बटला मोटारीच्या रंगकामातले दोन घटकांचे क्लिअर कोट चालते, आणि गॅरेजमध्ये ते फवारून मिळते. स्नूकरच्या क्यूला कच्चे जवसाचे तेल चोळण्याची जुनी रीत आहे. जवस विदर्भातलेच पीक, तेल ताजे मिळते. तेलाचा हात पातळ द्यावा, रात्रभर सुकू द्यावे आणि चार-पाच दिवस हे करत राहावे. तेल लावलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ते तापतात आणि पेट घेऊ शकतात. पूर्व विदर्भात पळसावर पिकणाऱ्या लाखेचे स्पिरिटमधले पॉलिशही बटला शोभते, पण हाताच्या घामाने ते लवकर पांढरे पडते.

लाकडाची धूळ कर्करोगजनक म्हणून वर्गीकृत आहे, आणि शिसवी, आबनूस, सागवान यांची धूळ अनेकांच्या त्वचेला व श्वासाला त्रास देते. नाकावर रुमाल बांधणे पुरेसे नसते. बारीक कण अडवणारा मास्क आणि पात्यापाशी व्हॅक्यूमची नळी हवी. कार्बनचा शाफ्ट कापताना तर ओल्या पेपरवरच घासावे. लेथवर काम करताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली दोरी काढून ठेवावी.

तयार क्यू खेळाडूच्या हाती देण्यापूर्वी शाफ्टची जाडी टोकापासून दर दहा सेंटिमीटरवर दोन काटकोनी दिशांनी कॅलिपरने मोजून लिहून ठेवावी, सोबत वजन, तोल आणि तारीख. पहिला पावसाळा गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये तीच मापे पुन्हा घ्यावीत. गोलाई ०.१ मिलिमीटरच्या आत राहिली असेल आणि काचेवरची फट वाढली नसेल तर शाफ्ट स्थिर झाला. फेरूलची कड लाकडापेक्षा वर आली असेल, तर ती १००० नंबरच्या पेपरने समपातळीत आणून शाफ्टवर मेणाचा एक हात द्यावा.